केंद्र बांधायचंय, पण लोकांना नेमकं विचारायचं काय?

उंबरठा | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीत एक मोकळा भूखंड आहे. त्यावर सगळ्यांसाठी क्रीडा-करमणूक केंद्र बांधायचं ठरलंय. आराखड्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं म्हणून नागरिक समिती नेमली आहे आणि मी तिच्यात आहे. का आहे ते विचारू नका, बैठकीत डास मारायला हात वर केला होता.

प्रश्नावलीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिला खर्डा अगदी साधा केला: "खालीलपैकी कोणत्या सुविधा हव्यात? खूण करा." खाली २२ चौकोन. चार घरांत देऊन पाहिला. तिघांनी सगळ्या २२ वर खुणा केल्या. चौथ्या घरातल्या आजोबांनी २१ वर, कारण झुंबा म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही.

यातून मला काय कळलं? काहीही नाही. असल्या कामातून कुणी गेलं असेल तर सांगा, काय विचारावं?

दुपारची_झोप | शनिवार, रात्री ९:२२

तेविसावा चौकोन घाला: 'शांतता'. माझी खूण आत्ताच धरा.

शटलकाकू | शनिवार, रात्री ९:४८

बाकी काही विचारा न विचारा, छताची उंची आधी पक्की करा. मी तीस वर्षं बॅडमिंटन खेळतेय. त्यातली बारा वर्षं अशा हॉलमध्ये गेली जिथे उंच टोलवलेलं शटल तुळईला लागायचंच. शेवटी 'तुळई लागली की पॉइंट पुन्हा' असा घरचा नियम केला होता. एक गृहस्थ तर हरायला लागले की मुद्दाम तुळईवर मारायचे.

व्हॉलीबॉलला कोर्टावर निदान ७ मीटर मोकळी उंची लागते, बास्केटबॉललाही तेवढीच. मग नकाशा काढणारे ७ मीटर धरतात आणि 'बहुउद्देशीय सभागृह' लिहून मोकळे होतात. बॅडमिंटनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२ मीटर मागतात. तुम्हाला तसल्या स्पर्धा भरवायच्या नाहीत, मान्य. पण ७ आणि १२ च्या मध्ये कुठे थांबायचं ते आज ठरतं. आतली भिंत पुढेमागे पाडून सरकवता येते, छत कोण वर उचलणार?

दुसरं म्हणजे वारा. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. पंख्याचा झोत आडवा आला की खेळ संपला. आणि कोर्टाच्या टोकांना खिडक्या नकोत, समोरून उजेड डोळ्यांवर आला की शटल दिसतच नाही.

नकाशावाला | शनिवार, रात्री १०:३५

काकू, 'बहुउद्देशीय' लिहून मोकळा होणारा तो मीच. उंचीचं तुमचं सोळा आणे खरं आहे.

थोडं गणित देतो. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर. भोवती २-२ मीटर मोकळं धरलं की ३२ बाय १९. याच जमिनीत बॅडमिंटनची ४ कोर्टं (प्रत्येकी १३.४० बाय ६.१०) आडवी बसतात आणि मधोमध व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. म्हणजे जागा एक, खेळ तीन. भांडणं तीन नव्हे, तीसेक. कारण जमीन वाटून घेता येते, संध्याकाळचे सहा ते नऊ वाटून घेता येत नाहीत. शिवाय जाळ्या, खांब, गाद्या, खुर्च्या ठेवायच्या कुठे? कोठीची खोली नकाशात सगळ्यांत आधी कापली जाते. मग दोन वर्षांनी जिन्याखाली, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आणि आणीबाणीच्या दारासमोर सामान दिसायला लागतं.

आता उंबरठाताईंचा प्रश्न. माझं मत विचाराल तर 'काय हवं' हा प्रश्नच काढून टाका. त्याला लोक मनातल्या चांगल्या माणसाचं उत्तर देतात, जो पहाटे पाचला उठून पोहायला जाणार असतो. त्यापेक्षा 'गेल्या मंगळवारी संध्याकाळी काय केलंत, कुठे, कुणाबरोबर' हे विचारा. आणि विचारण्याआधी जाऊन बघा.

ब्राझीलमध्ये साओ पावलोला पिंपं बनवणारा एक जुना कारखाना होता. तिथे केंद्र उभारायचं काम १९७७ मध्ये वास्तुरचनाकार लीना बो बार्दी यांच्याकडे आलं. त्या जागा बघायला गेल्या तेव्हा त्या पडीक शेडमध्ये पोरं चेंडू खेळत होती, सुट्टीच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं येऊन बसत होती. केंद्र तिथे आधीच सुरू होतं, फक्त इमारत झाली नव्हती! त्यांनी कारखाना पाडलाच नाही. शेड ठेवली, आत वाचनाची जागा, कार्यशाळा, बसायला ऐसपैस मोकळीक आणि एक उथळ, वळणावळणाचा पाण्याचा प्रवाह केला. ते १९८२ मध्ये उघडलं, आणि खेळांसाठीचे काँक्रीटचे मनोरे नंतर शेजारी उभे राहिले. आधी लोक काय करताहेत ते पाहिलं, म्हणून हे सुचलं.

तुमच्या भूखंडावर आज कोण येतं?

उंबरठा | शनिवार, रात्री १०:५०

प्रामाणिकपणे सांगू? मला माहीत नाही. मी तिथून रोज जाते, पण थांबून कधी बघितलं नाही.

शंकासुर | रविवार, सकाळी ७:०५

ताई, तुमच्या भावना चांगल्या आहेत म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्याकडेही असंच मत मागवलं होतं. तीन बैठका, रंगीत चिठ्ठ्या, भिंतभर कागद. नंतर कळलं की आराखडा पहिल्या बैठकीच्या आधीच मंजूर होता. आम्ही भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो मात्र अहवालात छापले, आणि फार सुंदर आले होते.

शेरी अर्नस्टीन या बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यांत खालच्या पायरीवर लोकांना नुसतं खेळवायचं, मध्ये कुठेतरी माहिती द्यायची, मत विचारायचं, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर निर्णयच लोकांच्या हातात. वाद वर जावं की खाली यावं याचा नाही. तुम्ही कुठल्या पायरीवर उभ्या आहात ते लोकांना आधी सांगा. 'आम्ही ऐकून घेऊ, ठरवणार दुसरेच' असं असेल तर तसं लिहा. लोक त्यालाही येतात. फसवलं की मात्र पुढच्या वेळी कुणी येत नाही.

उंबरठा | रविवार, सकाळी ८:३०

हे लागलं, पण बरोबर लागलं. रात्री समितीच्या कागदांत शोधलं. ठरलेलं एवढंच: भूखंड, दोन मजल्यांची मर्यादा, एकूण खर्चाची कमाल, आणि झाडं तोडायची नाहीत. आत काय असावं, किती वेळ उघडं असावं, कोण चालवणार, हे सगळं खुलं आहे. प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर दोन रकाने टाकते: 'हे ठरलंय' आणि 'हे ठरायचंय'.

निळी_छत्री | रविवार, सकाळी ९:१२

खर्चाची कमाल कितीही असो, पोहण्याचा तलाव हवाच! मुलांना पोहायला शिकवणं ही चैन नाही, जिवाचा प्रश्न आहे. एकदा बांधला की पिढ्यान्‌पिढ्या राहतो. बाकी खेळ अंगणातही होतात.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ११:४०

निळी छत्री, मुद्दा जिवाचा आहे हे मान्य, म्हणूनच लांबलचक लिहितोय. मी एका केंद्राचे हिशेब नऊ वर्षं पाहिले. 'एकदा बांधला की पिढ्यान्‌पिढ्या' हे वाक्य माझ्यासमोर बऱ्याच लोकांनी म्हटलंय, आणि त्यांतला एकही माणूस पंपाची दुरुस्ती मंजूर करायच्या बैठकीला आलेला मला आठवत नाही.

तलाव बांधून संपत नाही. तो रोज बांधावा लागतो. पाणी गाळत राहायचं, जंतुनाशकाचं प्रमाण दिवसातून अनेकदा तपासायचं, जीवरक्षक ठेवायचा. आणि पोहायला कुणी आलं नाही तरी यातलं काही थांबत नाही. बॅडमिंटनचा हॉल कुलूप लावून ठेवता येतो, तलाव नाही.

त्यातून तलाव बंदिस्त असेल तर हवा हा मोठा विषय. लोक ज्याला 'क्लोरीनचा वास' म्हणतात तो बहुतेक वेळा नुसत्या क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइनं बनतात, त्यांचा तो वास. म्हणजे वास जास्त येतो म्हणून पाणी स्वच्छ आहे असं समजू नका, उलटंच असू शकतं. ती दमट हवा धातूही खाते. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर गावी १९८५ मध्ये एका तलावाचं काँक्रीटचं टांगतं छत कोसळून १२ माणसं गेली. छत स्टेनलेस स्टीलच्या गजांना टांगलेलं होतं. बाहेरून ठाकठीक दिसणाऱ्या त्या गजांना आतून तडे गेले होते. इमारत होती अवघी १३ वर्षांची. 'स्टेनलेस आहे, गंजत नाही' म्हणून कुणी बघितलं नाही तर असं होतं.

तलाव नको असं माझं म्हणणं नाही. विचारताना किंमत दोन्ही अंगांनी विचारा. आम्ही एक खेळ करायचो. पाच-सहा जणांचं टेबल, प्रत्येक टेबलाला मोजक्या लाल सोंगट्या आणि मोजक्या निळ्या. लाल म्हणजे बांधायचा खर्च, निळी म्हणजे दरवर्षी चालवायचा. प्रत्येक सुविधेच्या पत्त्यावर तिला किती लाल, किती निळ्या लागतात ते लिहिलेलं. तलावाचा पत्ता उचलला की टेबलावरच्या निळ्या सोंगट्या जवळजवळ संपतात. मग टेबलाशी खरी चर्चा सुरू होते. 'दुसऱ्या एखाद्या तलावाशी करार करून मुलांना गटागटाने नेलं तर?' हा पर्याय आमच्या इथे एका शाळकरी मुलीने काढला होता. समितीतल्या एकालाही सुचला नव्हता.

निळी_छत्री | रविवार, दुपारी १२:१५

सोंगट्यांचा खेळ मान्य. पण मी तलावाचाच पत्ता उचलणार, आत्ताच सांगून ठेवते.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १२:१९

खुशाल उचला. निळ्या मोजून ठेवा म्हणजे झालं.

चाकावरून | रविवार, दुपारी १:०५

सगळा धागा वाचला. एकाही प्रतिसादात दाराबद्दल शब्द नाही, म्हणून लिहितोय. मी चाकाची खुर्ची वापरतो.

जोतं ४५ सेंटीमीटर उंच ठेवलं, म्हणजे १५ च्या तीन पायऱ्या, तर १ ला १२ या उताराने निदान ५.४ मीटर लांब उतरण लागते. वर आणि खाली वळायला सपाट जागा वेगळी. ही लांबी नकाशा झाल्यावर आठवली की उतरण मागच्या बाजूला, कचऱ्याच्या पिंपांशेजारी जाते. मी बऱ्याच इमारतींत कचऱ्याच्या वाटेने शिरलेला माणूस आहे. जोतं मुळात कमी ठेवता येईल का, हे आज विचारा. आज त्याला काहीच खर्च पडत नाही.

आणखी एक. 'अपंगांसाठी काय हवं?' असा वेगळा प्रश्न करू नका. मला तेच हवं जे इतरांना हवं. मला टेबल टेनिस खेळायचंय.

रात्रपाळी | रविवार, सायंकाळी ५:५०

बैठका कधी ठेवल्यात? संध्याकाळी सात? मग माझ्यासारखे आलेच म्हणून समजा. लहान मुलांच्या आया, दुकानात उभे राहणारे, पाळीवाले, कुणीच येणार नाही. येणार ते निवृत्त आणि आधीपासून खेळणारे, आणि मग अहवालात 'नागरिकांचा कौल' म्हणून त्यांचंच येणार. (शटलकाकू, राग मानू नका.)

आम्हाला बोलावू नका, तुम्ही या. बसथांब्यावर, शाळा सुटताना फाटकापाशी, दवाखान्याच्या बाकावर. दोन मिनिटांत तीन प्रश्न.

शटलकाकू | रविवार, सायंकाळी ६:२०

राग कसला, खरंच आहे. आम्ही बॅडमिंटनवाले अकरा जण असू, पण आवाज चाळीस जणांचा करतो.

सोळावं | रविवार, रात्री ८:०२

मी अकरावीत आहे. आईच्या खात्यावरून नाही, माझंच खातं आहे. तुम्ही सगळे आम्हाला काय 'करायला' द्यायचं याचा विचार करताय. आम्हाला बसायला जागा द्या. कुणी उठवणार नाही अशी. जिन्यावर बसलो की रखवालदार, बाकावर बसलो की आजोबा. आणि मैदानाचं सांगायचं तर मुलं सगळं मैदान व्यापतात, मग आम्ही मैत्रिणी कडेला उभ्या राहतो आणि थोड्या वेळाने घरी जातो. 'मुलींना खेळात रस नाही' असं मग सर म्हणतात.

नकाशावाला | रविवार, रात्री ९:१५

सोळावं, तू जे लिहिलंस ते व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात अभ्यास करून शोधलं होतं. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांतून दिसेनाशा होतात, मुलं तिथेच राहतात. मग १९९९ मध्ये दोन बागा नव्याने आखल्या. चेंडूच्या खेळाच्या जाळीबंद चौकांना एकच फाटक असायचं, तिथे चार जण उभे राहिले की आत शिरणार कोण? त्यांना जास्त प्रवेश दिले. एकच मोठं मैदान ठेवण्याऐवजी वेगवेगळ्या खेळांसाठी जागा केल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटन आणलं, बसायच्या जागा वाढवल्या. मुली परत आल्या. बाकी उपदेश वगैरे काही केलेला नाही, नुसती फाटकं.

बसायचं म्हणशील तर लंडनमध्ये पेकहॅम भागात १९३५ साली एक इमारत उघडली, कुटुंबांच्या आरोग्यासाठीचं केंद्र. मधोमध तलाव आणि त्याच्या बाजूंना काचा. उपाहारगृहात बसलेल्या माणसाला पोहणारे दिसायचे. संस्थापक डॉक्टरांचा विचार असा की माणूस नोटीस वाचून नव्या गोष्टीत शिरत नाही, दुसऱ्याला करताना बघून शिरतो. म्हणजे नुसतं बसून बघणं हाही केंद्राचा वापरच. त्यांनी तो इमारतीच्या मध्यभागी आणून ठेवला. आपण तो 'प्रतीक्षा कक्ष' म्हणून कोपऱ्यात ढकलतो.

शंकासुर | रविवार, रात्री ९:३१

आणि ते पेकहॅमचं केंद्र १९५० ला बंद पडलं, हेही सांगा की.

नकाशावाला | रविवार, रात्री ९:४४

सांगतो. पैशाअभावी. वर्गणी देणाऱ्या, ठरावीक परिसरातल्या कुटुंबांपुरतं ते चालायचं. १९४८ ला तिथे सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत झाली आणि हे त्या चौकटीत बसेना. हिशेबनीसांच्या निळ्या सोंगट्या तिथेही संपल्या.

कुंपणापलीकडे | सोमवार, सकाळी ६:४०

माझं घर अशाच एका केंद्राच्या भिंतीला लागून आहे. एक सांगतो. अंगणात पिकलबॉल आखायचं कुणी म्हणेल, कारण त्याचं कोर्ट बॅडमिंटनएवढंच, जवळजवळ तंतोतंत, म्हणजे रेषा तयारच असतात. पण कडक फळी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू यांचा टक-टक आवाज पहाटे साडेपाचपासून ऐकून बघा. खेळाला विरोध नाही, तो आत खेळा, किंवा माझ्या खिडकीपासून लांब. प्रश्नावली कुंपणाला लागून असलेल्या घरांत आधी द्या. नाहीतर ते नंतर वकिलाकडून उत्तर देतात.

दुपारची_झोप | सोमवार, सकाळी ६:५५

तेविसावा चौकोन! मी म्हटलं होतं.

उंबरठा | गुरुवार, रात्री १०:२०

उशीर झाला, कारण चार दिवस भूखंडावर बसत होते. वही घेऊन, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ.

सकाळी चालणारे येतात हे अपेक्षित होतं. दुपारी दोनला मला वाटलं चिटपाखरू नसेल. तिथे झाडाखाली रोज सात-आठ घरकामाच्या बायका बसतात, दोन कामांच्या मधल्या तासात. त्यांना घरी जाऊन परत येणं जमत नाही. मी विचारलं, इथे इमारत झाली तर काय असावं? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीने विचारलं, "आम्हाला आत सोडतील का?" माझ्या २२ चौकोनांत या प्रश्नाला जागाच नव्हती. दुसरी म्हणाली, "संडास असू द्या, आणि दाराला आतून कडी."

रात्री नऊला शाळकरी मुलं भिंतीवरच्या दिव्याच्या उजेडात अभ्यास करतात. दोघं जण. दोघंच, पण रोज.

नवी प्रश्नावली एका पानाची झाली आहे. वर ठरलेलं-ठरायचंय. मग गेल्या मंगळवारची संध्याकाळ. मग 'तुम्ही येऊ शकाल अशा वेळा' आणि 'असल्या ठिकाणी जाणं तुम्ही कशामुळे टाळता?' (हा प्रश्न सोळावं आणि चाकावरून यांच्यामुळे.) सोंगट्यांची टेबलं चार ठिकाणी मांडणार, त्यातलं एक रात्रपाळीसाठी सकाळी साडेनऊला आणि एक त्या झाडाखाली दुपारी दोनला. उंचीचा प्रश्न लोकांना विचारणार नाही, ती काकू आणि नकाशावाला भांडून ठरवतील. कुंपणालगतच्या अकरा घरांत मी स्वतः जाऊन आले. नऊ घरांनी दार उघडलं.

शंकासुर, तुमचं अजून काही राहिलंय?

शंकासुर | गुरुवार, रात्री १०:४१

राहिलंय. नाकारलेल्या सूचनांची यादी कारणासकट लावा. मान्य झालेल्यांची यादी सगळेच लावतात. माझी सूचना का नाकारली ते मला भूखंडाच्या फाटकावर वाचता आलं पाहिजे.

उंबरठा | गुरुवार, रात्री १०:४४

लावते. पण समितीतले म्हणतील भांडणं होतील.

हिशेबनीस | गुरुवार, रात्री १०:५२

होऊ देत. नकाशाच्या कागदावर झाली तर खोडरबर पुरतं.

चाकावरून | गुरुवार, रात्री ११:०३

दुपारच्या टेबलाला मी येतो. त्या झाडापर्यंत जमीन कशी आहे, माती की फरशी? पावसानंतर चाक रुततं.

उंबरठा | गुरुवार, रात्री ११:०९

माती आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या सकाळी दोन फळ्या टाकून बघते, रस्त्यापासून झाडापर्यंत. साधारण वीस पावलं आहेत. फळी किती रुंद लागेल?

चाकावरून | गुरुवार, रात्री ११:१२

९० सेंटीमीटर असली तर निवांत. आणि दोन फळ्यांमध्ये फट नको.